पूररेषे, तुझं गणित दाखव

प्रिय पूररेषे,



तुझ्या नावानं कागद काही कमी लिहिले जात नाहीत. हरकती, निवेदनं, माहितीच्या अधिकारातले अर्ज, कोर्टातल्या याचिका, असे गठ्ठेच्या गठ्ठे पडून आहेत. बहुतेकांचा सूर एकच असतो: ही रेषा आमच्या प्लॉटवरून उचला. तू शेजाऱ्याच्या प्लॉटवर गेलीस तर कुणाची ना नसते. मी मात्र तुला सरकवायला सांगत नाही. उंची मोजायची लेव्हल आणि खुणांची पट्टी, म्हणजे स्टाफ, घेऊन नदीकाठानं तुझ्या मागं हिंडणाऱ्यांतला मी एक सर्व्हेअर आहे. माझं मागणं एवढंच आहे, की तू जिथं आहेस तिथं कशी पोचलीस ते लोकांना कळू दे. शाळेत उत्तर बरोबर आलं तरी मास्तर म्हणायचे, रीत दाखव. मीही तुला तेच म्हणतोय.

महाराष्ट्रात तुम्ही दोघी आहात, निळी आणि लाल. 1989 साली पाटबंधारे खात्याच्या परिपत्रकानं तुमच्या कामाची वाटणी करून दिली. 25 वर्षांतून सरासरी एकदा येणारा पूर किंवा नदीच्या प्रस्थापित पात्रात मावणाऱ्या विसर्गाच्या दीडपट पाणी, यांतलं जे जास्त असेल ते जिथवर पसरतं तिथं निळी रेषा. 100 वर्षांतून सरासरी एकदा येणारा पूर जिथवर पोचतो तिथं लाल रेषा. धरणाच्या खालच्या बाजूला सांडव्यातून सुटणारं पाणीही त्यात धरावं लागतं. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत निषिद्ध क्षेत्र, निळ्यापासून लाल रेषेपर्यंत नियंत्रित क्षेत्र. निषिद्ध क्षेत्रात बागा, मैदानं, उघडं पार्किंग असलं काही चालतं, नवी घरं नाहीत. नियंत्रित क्षेत्रात घर बांधता येतं, पण 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे त्याचं जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर वर हवं. ऐकायला सोपं वाटतं. पण यातला प्रत्येक शब्द एका आकड्यावर उभा आहे, आणि तो आकडा कुठून आला हे नकाशा पाहणाऱ्याला कळत नाही.

आधी त्या 25 आणि 100 चं बघू. त्यावरून तुझी जितकी बदनामी झाली तितकी दुसऱ्या कशावरूनही झाली नसेल. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. 2005 ला महापूर आला. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फूट 7 इंचांवर गेलं. आता पुढची पंचवीस वर्षं निवांत, असं म्हणणारी माणसं होती. 2021 च्या जुलैत पाणी 56 फूट 3 इंचांवर गेलं. मग कट्ट्याकट्ट्यावर एकच टिंगल: यांची शंभर वर्षं दोन वर्षांत भरली. दोष तुझा नव्हता. 25 वर्षांतून एकदा म्हणजे दर वर्षी शंभरात 4 ही शक्यता. यंदा आला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता कमी होत नाही, नदी हिशेबाची वही ठेवत नाही. हाच हिशेब घराला लावून बघ. निळ्या रेषेला टेकून फ्लॅट घेतला आणि 20 वर्षांचं कर्ज काढलं, तर हप्ते फिटायच्या आत पाणी दारात येण्याची शक्यता 56 टक्के. लाल रेषेला टेकून घेतला तरी 18 टक्के. कर्ज देणारा व्याजाचा दर सांगतो, हा दर सांगत नाही. तू तो सांगू शकतेस. नकाशावर ‘25 वर्षे’ असं छापण्याऐवजी ‘20 वर्षांत 56 टक्के’ एवढं छापलं, तरी निम्मा गैरसमज संपेल.

आता रीत. तुझा जन्म पावसाच्या आणि नदीच्या नोंदींतून होतो. हवामान खात्याची पर्जन्यमापकं, जलसंपदा विभागाची आणि केंद्रीय जल आयोगाची नदीवरची मापन केंद्रं, धरणांची दैनंदिन आवक-जावक यांतून दर वर्षीचा सगळ्यात मोठा विसर्ग काढायचा. त्या आकड्यांची मालिका मांडायची, गुम्बेल किंवा लॉग पिअर्सन अशी एखादी सांख्यिकी पद्धत लावायची, की 25 आणि 100 वर्षांच्या पुराचा विसर्ग हातात येतो. पहिली मेख इथंच असते. मालिका किती वर्षांची? तिचं शेवटचं वर्ष कोणतं? 2018 ला थांबलेल्या मालिकेतून निघालेला 25 वर्षांचा पूर आणि 2019, 2021 धरून निघालेला पूर सारखा येणार नाही. तीस-चाळीस आकड्यांच्या मालिकेत दोन मोठे आकडे वाढले की निष्कर्ष वर सरकतो. नदी तीच आणि पद्धतही तीच राहिली, तरी तू हललेली असतेस. सरकारी नकाशावर तुझी तारीख असते ती मंजुरीची. मालिकेचं शेवटचं वर्ष मात्र अहवालाच्या पोटात कुठंतरी असतं, आणि अहवाल कपाटात असतो.

विसर्ग मिळाला म्हणजे पाणी किती येणार ते कळलं. ते कुठवर चढेल हे जमीन ठरवते, आणि जमीन मोजायचं काम आमचं. भारतीय सर्वेक्षण विभागाची 1:50,000 ची टोपोशीट आमच्या पिढ्यांनी डोळे झाकून वापरली. पण तिच्यावर कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा, असतात 20 मीटरच्या अंतरानं. पंचगंगेची धोका पातळी आणि 2021 ची विक्रमी पातळी यांत फरक जेमतेम 4 मीटरांचा. म्हणजे सगळा महापूर दोन कंटूरच्या मध्ये मावून वर जागा उरते. पाणलोट क्षेत्र आखायला टोपोशीट उत्तम. गल्लीत पाणी येईल का, ते तिच्यावरून सांगता येत नाही.

मग आले उपग्रह. 2000 सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या अवकाशयानानं रडारनं पृथ्वीची उंची मोजली, तो एसआरटीएमचा नकाशा आज कुणालाही फुकट मिळतो. इस्रोच्या कार्टोसॅटवरून केलेला उंचीचा नकाशा ‘भुवन’ या संकेतस्थळावर मिळतो. युरोपचा कोपर्निकस आहे, आणि त्यातून झाडं-इमारती वजा करून ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी केलेला फॅबडेम आहे. कॉलेजातल्या पोरांना प्रकल्पासाठी यापेक्षा मोठं दान नाही. पण हे नकाशे साधारण 30 मीटर बाय 30 मीटरच्या चौकोनाला एकच उंची देतात. एसआरटीएमच्या रडारला झाडांचे शेंडे आणि इमारतींची छपरंही जमीनच वाटली. त्यातली चूक कित्येक मीटरांची असू शकते. खोऱ्याचा उतार समजायला, पाणी कुठून कुठं येईल याचा अंदाज बांधायला हे नकाशे वापरावेत, जरूर वापरावेत. त्यांच्यावरून कुणाच्या सातबाऱ्यावर निळ्या शाईचा फराटा मारू नये.

यात अडाणी हट्ट नाही, साधा हिशेब आहे. नदीकाठची मळीची जमीन सपाट असते. 500 मीटरला 1 मीटर असा उतार धर. पाण्याच्या पातळीत 30 सेंटिमीटरची, म्हणजे एका फुटाची चूक झाली, तर तू नकाशावर 150 मीटर सरकतेस. दीडशे मीटरांत एक अख्खी कॉलनी बसते. त्यात नकाशाच्या प्रमाणाचा घोळ आहेच. विकास आराखडा 1:10,000 चा असेल आणि तुझी रेघ अर्धा मिलिमीटर जाड असेल, तर नुसती तुझी जाडीच जमिनीवर 5 मीटर भरते. एखाद्याचं स्वयंपाकघर रेघेच्या या कडेला आणि हॉल त्या कडेला. तो नकाशा घेऊन लोक आमच्याकडं येतात आणि विचारतात, ‘साहेब, मी आत का बाहेर?’ खरं उत्तर असं, की नकाशावरची रेघ बघूच नका. तुमच्या प्लॉटसमोर लाल रेषेची पातळी समुद्रसपाटीपासून किती मीटर धरली आहे ते विचारा, आणि तुमच्या उंबऱ्याची पातळी काढून घ्या. दोन आकडे समोरासमोर ठेवले की वाद मिटतो.

पण ती पातळी काढण्यातही खड्डे आहेत. आता डीजीपीएस आलं, सर्वेक्षण विभागाची, उपग्रहांचे संदेश कायम टिपणारी कॉर्स केंद्रं आली, शेतात उभं राहून मिनिटांत अक्षांश-रेखांश मिळतात. जीपीएस उंची मोजतं ती मात्र पृथ्वीच्या गणिती आकारापासून, समुद्रसपाटीपासून नाही. आपल्याकडं या दोन उंच्यांत पन्नास मीटरांहून जास्त अंतर आहे. ती पन्नास मीटरांची चूक कुणाच्याही डोळ्यांत भरते, त्यामुळं ती होत नाही. घात होतो तो एकीवरून दुसरी काढताना राहणाऱ्या वीस-तीस सेंटिमीटरांचा. म्हणून जुन्या पद्धतीनं पक्क्या बेंचमार्कवरून, म्हणजे उंची ठरलेल्या खुणेवरून, लेव्हल आणून ताळा करावाच लागतो. इंग्रजांच्या काळापासूनचे जीटीएस बेंचमार्क कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर, पुलांच्या कठड्यांवर कोरलेले होते. रस्ता रुंद करताना, इमारत पाडताना त्यातले कितीतरी गेले. ज्या कंत्राटदारानं तो दगड उचलून भरावात टाकला, त्याला आपण काय टाकलं ते माहीतही नसेल.

बेंचमार्क सापडला की नदीला आडवे छेद घ्यायचे. काठापासून काठापर्यंत, आणि पूर पसरतो तिथपर्यंत शेतातूनही. स्टाफ धरणारा खलाशी पात्रात छातीभर पाण्यात उतरतो, जिथं पाय टेकत नाही तिथं होडी किंवा खोली मोजणारं यंत्र. हे काम उन्हाळ्यात होतं, कारण पावसाळ्यात नदीजवळ जाता येत नाही. पण नदी वर्षभर बदलत असते. वाळू उपसली जाते, गाळ साचतो, कुणी काठावर राडारोडा टाकतो, नवा पूल होतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा भराव पाणी अडवतो. दहा वर्षांपूर्वीच्या छेदांवर आजचा पूर बसवला तर तू दहा वर्षांपूर्वीच्या नदीची रेषा होतेस. आडवे छेद कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी घेतले हे तुझ्याखाली लिहिलेलं हवं, ते यासाठी.

छेद आणि विसर्ग हातात आले की संगणक. बहुतेक ठिकाणी हेक-रास हे सॉफ्टवेअर वापरतात. अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी केलेलं, कुणालाही फुकट मिळणारं. 2016 पासून त्यात पाणी दोन दिशांना पसरताना दाखवायची सोयही आली, त्यामुळं मळीतून, नाल्यातून उलटं शिरणारं पाणी बघता येतं. कोल्हापुरात जयंती नाल्याकाठच्या लोकांना हे सॉफ्टवेअरशिवायच माहीत आहे: नदी अजून लांब असते आणि पाणी नाल्यातून मागच्या दारानं येतं. पण संगणकाला एक गोष्ट माणसानंच सांगावी लागते, ती म्हणजे जमीन पाण्याला किती अडवते. त्यासाठी आयरिश अभियंता रॉबर्ट मॅनिंगच्या नावाचा एक गुणांक आहे. साफ, सरळ पात्राला 0.03 च्या आसपास, उभ्या पिकाच्या शेताला 0.04, दाट झुडपाला 0.1. आता सांग, ऑगस्टमध्ये तीन मीटर वाढलेला आडसाली ऊस कशात धरायचा? तो पुस्तकातल्या पिकासारखा वाकून पाण्याला वाट देत नाही, भिंतीसारखा उभा राहतो. कृष्णा-पंचगंगेच्या काठी दोन्ही बाजूंना मैलोन् मैल ऊस. तिथं 0.04 धरलं तर पाणी कागदावर भराभर वाहून जातं आणि तू खाली उतरतेस. 0.1 धरलं तर वर चढतेस. हा आकडा टेबलावर बसलेला एक अभियंता निवडतो. त्यानं काय निवडलं आणि का, हे लोकांना कळलं तर उसाच्या शेतकऱ्यालाही त्यावर दोन शब्द बोलता येतील, आणि ते ऐकण्यासारखे असतील.

तो आकडा बरोबर की चूक याचा ताळा कसा करायचा? भिंतीवर. पूर ओसरल्यावर घराघरांत एक खूण उरते, तपकिरी चिखलाची बारीक रेघ. बाहेरच्या भिंतीवर ती पसरट असते, कारण तिथं लाटा आपटलेल्या असतात, बोटी गेलेल्या असतात. खरी रेघ बंद खोलीत सापडते. कपाटाच्या मागं, लाइटच्या मीटरच्या पेटीत, देवळाच्या गाभाऱ्यात. तिथं पाणी शांत उभं होतं, म्हणून रेघ पेन्सिलीनं ओढल्यासारखी असते. तिच्याखाली स्टाफ धरायचा, बाहेर दारातून लेव्हलनं रीडिंग घ्यायचं, बेंचमार्कशी जोडायचं, आणि घरमालकाला विचारायचं, पाणी इथवर कधी चढलं आणि किती तास होतं. घरातली बाई तारखेसकट सांगते. कुठली ट्रंक माळ्यावर टाकली आणि कुठली राहिली, त्यावरून तास सांगते. इतका नेमका पुरावा कुठल्याही उपग्रहाकडं नाही. कोल्हापुरात 2021 ची खूण 2019 च्या वर आहे, सांगलीत मात्र 2019 चीच वर आहे. खोरं एकच, पण दोन्ही पूर वेगवेगळ्या रीतीनं आले, हे भिंती सांगतात. आणि हा पुरावा दिवाळीत नाहीसा होतो. घर धुऊन, पुट्टी भरून, रंग काढला की संपलं. पूर ओसरल्यापासून रंगाऱ्यापर्यंतचे ते थोडे आठवडे आपल्या हातात असतात. तेवढ्यात प्रत्येक पूरग्रस्त गावातल्या खुणा मोजून नोंदवायची सक्ती करायला हवी.

उपग्रहांना मी नावं ठेवत नाही. युरोपच्या सेंटिनेल-1 चं रडार ढगांतून पाहतं, आणि पावसाळ्यात ढगांतून पाहणारं काहीतरी असणं ही केवढी सोय! शेतात पसरलेलं पाणी त्याला काळंभोर दिसतं. त्याची चित्रं फुकट आहेत आणि पुराचा पसारा एका नजरेत दाखवतात. इस्रोच्या हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्रानं अशाच चित्रांवरून पूरप्रवण राज्यांचे नकाशासंग्रह केले आहेत. फक्त उपग्रह नेमका पूर टिपेला असतानाच डोक्यावर येईल असं नाही, आणि दाटीवाटीच्या पेठेत इमारतींवर रडारची किरणं उलटसुलट आपटून पाणी झाकलं जातं. तेव्हा शेतासाठी उपग्रह, पेठेसाठी भिंत.

एवढं सगळं करून तू कागदावर येतेस, आणि मग तुझे हाल सुरू होतात. पुण्यात मुठेचं बघ. खडकवासल्यातून 60,000 क्युसेक सुटलं तर निळी रेषा, 1 लाख सुटलं तर लाल, असं तिथलं ढोबळ गणित. 2024 च्या 25 जुलैला पहाटे धरणातून सोडलेलं पाणी साधारण 35,000 क्युसेक होतं, तरी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. निळ्या रेषेच्या आकड्याच्या साठ टक्क्यांपर्यंतही विसर्ग गेला नव्हता. ती वसाहत नदीच्या किती जवळ, काठावर भराव किती पडला, धरणाखालच्या नाल्यांनी किती पाणी आणलं, यावर त्यानंतर पुष्कळ वाद झाले. तुझं गणित सगळ्यांसमोर मांडलेलं असतं, तर हा वाद पुरानंतर होण्याऐवजी परवानगीच्या वेळी झाला असता.

चिपळूणचं त्याहून अवघड. 2021 च्या 22 जुलैला वाशिष्ठीनं शहर बुडवलं. त्या नदीत कोयनेच्या वीजघरांतून उतरलेलं पाणी येतं, आणि खाली समुद्राच्या भरतीचा फुगवटा असतो. भरतीच्या वेळी वरून पूर आला की पाणी जाणार कुठं? अशा नदीत तू कुठं असशील हे खालच्या टोकाला भरतीची पातळी किती धरली यावरही ठरतं. पुरानंतर शहरात तू आखली गेलीस तेव्हा लोक विरोधात उभे राहिले. गाळ काढा, मग रेषा मारा, असं त्यांचं म्हणणं. त्यांना नुसतं हट्टी म्हणून चालणार नाही. बाजारपेठच्या बाजारपेठ रेषेच्या आत गेली तर दुरुस्तीची परवानगी, कर्ज, जागेची किंमत सगळंच अडकतं. गाळ काढल्यानं पातळी किती उतरते, हे त्याच हेक-रासमध्ये छेद बदलून दोन तासांत दाखवता येतं. ते दाखवलं, तर माणसं ऐकतात. नुसती निळी-लाल रेघ दाखवली, तर दगड उचलतात.

गणित दाखवण्याचं हे मागणं काही अशक्यकोटीतलं नाही. अमेरिकेत 1968 चा पूरविम्याचा कायदा आल्यापासून पुराच्या नकाशांसोबत अभ्यासाचा अहवालही लोकांना मिळतो. कोणत्या ठिकाणी किती विसर्ग धरला, आडवे छेद कुठं घेतले, नदीच्या लांबीभर पाण्याची पातळी कशी चढते-उतरते याचे तक्ते आणि आलेख त्यात असतात. तुमचा नकाशा चुकला असं वाटलं, तर सर्व्हेअरकडून घराच्या पातळीचा दाखला करून घ्यायचा आणि नकाशात दुरुस्ती मागायची, ही रीत तिथं ठरलेली आहे. नकाशे तिथंही जुने होतात. 2017 च्या वादळात ह्यूस्टनमध्ये शंभर वर्षांच्या रेषेबाहेरची घरं मोठ्या संख्येनं बुडाली. पण निदान चूक कुठं झाली ते शोधायला गणित समोर होतं. आपल्याकडं केंद्रानं पूरक्षेत्राच्या विभागणीचा नमुना कायदा राज्यांकडं पाठवला तो 1975 साली. मणिपूर, राजस्थान, उत्तराखंड अशा मोजक्याच राज्यांनी तो केला. आपण परिपत्रकांवर भागवत आलो, आणि परिपत्रक बदलायला एक सही पुरते.

आणखी एक सांगतो. तू मीटरमध्ये बोलतेस, नदीकाठची माणसं फुटांत. सांगलीत आयर्विन पुलाला 40 फूट इशारा आणि 45 फूट धोका; 2019 ला तिथं पाणी 57 फुटांच्या वर गेलं. पुलाला किती झालं की कुठल्या गल्लीच्या तोंडाशी पाणी येतं, हे जुन्या रहिवाशांना पाठ असतं. नृसिंहवाडीला दत्ताच्या पादुकांवरून पाणी वाहून दक्षिण दारानं बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा होतो, आणि पंचक्रोशीला त्यावरून नदी किती आली ते कळतं. ही मोजपट्टी लोकांची आहे. तुझ्या नकाशासोबत एक साधा तक्ता असावा: पुलाला अमुक फूट, तर अमुक गल्लीत घोटाभर, अमुक वसाहतीत कमरेइतकं. तो तक्ता ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवलेला असावा. बंगल्याचं जोतं लाल रेषेवर दीड फूट घेणारा अभियंता आणि रात्री दोनला म्हशी सोडायच्या की नाही ठरवणारा शेतकरी, दोघांनाही तू हवी आहेस. आज तू फक्त पहिल्याच्या कामाची आहेस, तीही अर्धवट.

आता तुझ्यावर सही करणाऱ्यांकडं वळतो, कारण तू स्वतः काही करू शकत नाहीस. अभियंत्यांनो, सर्व्हेअर मित्रांनो, तुमच्या हातून निघणाऱ्या प्रत्येक पूररेषेच्या नकाशावर कोपऱ्यात एवढं तरी लिहा. विसर्ग किती धरला. नोंदींची मालिका कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंतची. आडवे छेद कधीचे आणि किती अंतरावर. उंची कोणत्या बेंचमार्कवरून आणली. काठाच्या शेताला मॅनिंगचा आकडा किती दिला. शेवटच्या पुराच्या किती खुणांशी ताळा केला आणि फरक किती राहिला. आणि हा नकाशा पुन्हा कधी तपासायचा. सात ओळी आहेत, नकाशाच्या कोपऱ्यात सहज मावतात. आडवे छेद आणि संगणकातलं मॉडेल जनतेच्या पैशानं झालेलं असतं, तेव्हा तेही मागेल त्याला मिळू दे. दर किलोमीटरला पातळी कोरलेला एक दगड नदीकाठी पुरा, म्हणजे वाद कागदावरून जमिनीवर येईल.

आणि नदीकाठी जागा बघायला निघालेल्या वाचकांनो, बिल्डरच्या माणसानं ‘रेषेच्या बाहेर आहे, साहेब’ म्हटलं की त्यावर समाधान मानू नका. लाल रेषेची इथली पातळी किती, जोत्याची पातळी किती, आणि गणित कोणत्या सालचं, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर लेखी मागा. लेखी मिळालं नाही, तर सौदा करू नका.

पूररेषे, तुला मानणाऱ्यांपेक्षा तुला हटवू पाहणारे जास्त आहेत, हे मला माहीत आहे. पण लपवलेलं गणित बरोबर असलं तरी त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. उघड्यावर मांडलेलं गणित चुकलं तरी दुरुस्त होतं. तुला टिकायचं असेल तर दुसरा मार्ग नाही.

तुझा,
नदीकाठचा एक सर्व्हेअर